शेजारचं घर

फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या: मास कॉमची डिग्री आणि भरपूर कॉन्फिडन्स. तेवढ्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरजवळच्या एका गावी शेतकरी आत्महत्येवर स्टोरी करायला गेले. त्या घरातल्या ताईंसमोर रेकॉर्डर ठेवला आणि विचारलं, "कर्जामुळेच ना?" त्या "हो" म्हणाल्या. कोट मिळाला, फोटो मिळाला, संध्याकाळच्या एसटीने अमरावती गाठली. स्टोरी छापून आली, कौतुकही झालं.

पुढे एका सर्वेक्षणाचं काम मिळालं, म्हणून सोशल रिसर्चचा छोटा कोर्स केला. दुसऱ्याच दिवशी 'लीडिंग क्वेश्चन' शिकवला. म्हणजे उत्तर पोटात घेऊन आलेला प्रश्न. माझी मान खालीच गेली. (तुम्हीही क्लायंटला "आवडलं ना?" असंच विचारत असाल, तर सांभाळा!)

तिथेच श्रीजित मिश्रांचा अभ्यास वाचला. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतर्फे २००६मध्ये राज्य सरकारला दिलेला. वर्धा, वाशिम आणि यवतमाळमधली आत्महत्या झालेली १११ घरं त्यात होती, आणि न झालेली १०६ घरंही. पहिल्या घरांवर सरासरी कर्ज जास्त निघालं, बैलांसारखी मालमत्ता कमी. शेजारच्या घरात गेल्याशिवाय हे कळणार कसं? मी तर गेलेच नव्हते.

सर्वेक्षणासाठी पुन्हा त्याच गावी गेले, तेव्हा आधी शेजारचं दार वाजवलं.

"आमच्याकडं काहून आल्या? आमचा मानूस तं जिता हाये," काकू म्हणाल्या.

शेत तेवढंच, पऱ्हाटी तशीच वाळलेली, कर्ज सोसायटीचं आणि सावकाराचंही. प्रश्न संपले तरी मी उठले नाही, गप्प बसले. हेही कोर्समध्येच शिकले होते. बऱ्याच वेळाने काकूंनी कमरेची किल्ली दाखवली. मागच्या साली नवरा अबोल झाला, तेव्हापासून फवारणीचं औषध त्या पेटीत कुलपात ठेवतात. लागेल तेव्हा स्वतः काढून देतात.

माझ्या प्रश्नावलीत किल्लीसाठी रकानाच नव्हता. समासात लिहून घेतलं. एका घरावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे आता कळतं. पण पुढच्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढला: औषध कुठे ठेवता?

निघताना पहिल्या घरी गेले. रेकॉर्डर बॅगेतच ठेवला. या वेळी विचारलं, "ताई, तेव्हा काय काय झालं होतं?"

ताई दीड तास बोलत होत्या. त्यात कर्ज आलं, पण फार उशिरा.