पेटी कुणाच्या घरात आहे?

गाण्याच्या प्रोजेक्ट फाईलमध्ये गाणं नसतं. ही गोष्ट म्युझिक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बहुतेकांना उशिरा कळते.

त्या फाईलमध्ये मुख्यतः सूचना असतात. अमुक सेकंदाला अमुक स्वर, एवढ्या जोरात, एवढा वेळ, अमुक वाद्यावर. माईकवर रेकॉर्ड केलेला आवाज वेगळा, तो ऑडिओ म्हणून जसाच्या तसा साठवलेला असतो. पण की-बोर्डवर वाजवलेली पेटी, बासरी किंवा व्हायोलिन प्ले दाबलं की दर वेळी नव्यानं तयार होतं. ते तयार करणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. आमच्याकडे कोल्हापुरात आईच्या वहीत तांबड्या रश्श्याची कृती असते आणि त्यात लिहिलेलं असतं, 'घरची चटणी दोन चमचे'. वही कितीही जपा. ज्या वर्षी डंकावरून ती चटणी आलीच नाही, त्या वर्षी वहीतला रस्सा ताटात येत नाही.

सॉफ्टवेअर विकत घेतलं की त्याच्यासोबत पंचवीस-तीस वाद्यं आपोआप येतात. शिकणारी पोरं आधी तीच वापरतात, कारण वेगळी घ्यायला पैसे नसतात. मग काही वर्षांनी नवी आवृत्ती येते, नव्या वाद्यांची जाहिरात होते, आणि खाली बारीक अक्षरांत जुन्यांतली काही काढून टाकल्याची ओळ असते. जुनं प्रोजेक्ट उघडलं की बाकी सगळं वाजतं, तेवढा एक ट्रॅक गप्प असतो.

माझ्या बाबतीत गप्प झालेला ट्रॅक पेटीचा होता.

२०१७ साली मी इंजिनिअरिंगला होतो. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, पेठेतल्या भजनी मंडळात पन्नासेक वर्षं गात होते. त्यांच्या काही चाली फक्त त्यांनाच येत होत्या. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना घरीच बसवून सहा अभंग रेकॉर्ड केले. मंडळाची पेटी देवळातल्या कपाटात कुलूपबंद, म्हणून मागची साथ मी लॅपटॉपवर केली. सॉफ्टवेअरसोबत आलेलं एक जुनं ऑर्गन प्लगइन होतं, तेच घेतलं. आबा शेजारी बसून ऐकत होते.

"आवाज नाकातनं यायला लागलाय. जरा छातीतनं काढ की."

"आबा, ह्ये बटण फिरवलं की बदलतंय."

"मंग फिरीव की. माझ्या तोंडाकडं काय बघतोस?"

दीड तास आम्ही बटणं फिरवत होतो. शेवटी एका जागी ते म्हणाले, "हां. आता मंडळाची पेटी वाटतीय." ते बटण तिथंच राहिलं. आबा २०२१ मध्ये गेले. त्यानंतर नवा लॅपटॉप आला, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, आणि ते ऑर्गन तिच्यात नव्हतं. जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळून तो कधीच भंगारात गेला होता. जुनी आवृत्ती नव्या मशीनवर चालू करायची तर कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते, आणि त्या आवृत्तीला परवानगी देणं आता बंद झालंय.

पेशानं सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मी ती फाईल एडिटरमध्ये उघडून पाहिली. त्या प्लगइनची सेटिंग आत होती, दोनेक केबीचा बिनअर्थाच्या अक्षरांचा गठ्ठा. आबांनी ठरवलेला आवाज त्या गठ्ठ्यात आहे. तो वाचता येणारा एकच प्रोग्रॅम होता, आणि तोच नाही.

यात कंपन्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण मी स्वतः रोज तेच काम करतो. अमुक सुविधा अमुक तारखेपासून बंद होईल, अशा नोटिसा मी पगार घेऊन लिहितो. त्यामागची कारणं मला ठाऊक आहेत. जुना कोड लिहिणारा माणूस दुसरीकडे गेलेला असतो. आत वापरलेली एखादी लायब्ररी बाहेरून भाड्यानं घेतलेली असते आणि तिचा करार संपतो. शिवाय खालची जमीनच सरकते. ॲपलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटॅलिना आणली आणि ३२-बिट प्रोग्रॅम चालणं थांबलं; ज्या प्लगइनची ६४-बिट आवृत्ती कुणी केली नव्हती, ती त्या मशीनवर एका अपडेटमध्ये संपली. स्टाइनबर्गनं १९९६ साली व्हीएसटी हे प्लगइनचं तंत्र आणलं, आणि जगभर लोकांनी त्यावर वाद्यं बांधली. त्याच कंपनीनं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं की व्हीएसटी-२ चा आधार आपल्या सॉफ्टवेअरमधून २४ महिन्यांत काढून घेऊ. पुढची आवृत्ती, व्हीएसटी-३, २००८ पासून होती, म्हणजे वेळ भरपूर दिला होता. पण ज्यांनी ती जुनी वाद्यं बनवली त्यातले कितीतरी जण तोवर हे काम सोडून गेले होते. त्यांच्या वाद्यांना नवा कोट कोण शिवणार?

नीट करायचं ठरवलं तर करता येतं, हेही खरं. लॉजिक प्रोमध्ये ईएक्सएस-२४ नावाचा जुना सॅम्पलर होता. २०२० साली त्याच्या जागी नवा सॅम्पलर आला, पण जुनी वाद्यं नव्यात उघडतील अशी सोय ठेवून. सर्ज हा सिंथेसायझर आधी विकाऊ होता. २०१८ मध्ये त्याच्या कर्त्यानं त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला, आणि आज अनोळखी लोक मिळून तो सांभाळतात.

वाद्य बाद होण्याचा प्रकार आपल्याकडे कॉम्प्युटरच्या आधीचा आहे, आणि त्यात आबांचीच पेटी आरोपी होती. हार्मोनियम मूळची युरोपातली, १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये तिचं पेटंट झालं. आपल्याकडे आली, हातभात्याची झाली, मांडीपुढं बसली. मराठी संगीत नाटकात आधी सारंगीची साथ असायची, तिथं पेटीनं आणि पुढे ऑर्गननं जागा घेतली. कोल्हापुरात वाढलेले गोविंदराव टेंबे हे पेटीवरचं मोठं नाव. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला त्यांची साथ असे, आणि १९११ च्या 'मानापमान' नाटकाला त्यांनी संगीत दिलं.

आणि मग १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियम बंद केली. आक्षेप असा की तिचे स्वर ठरलेल्या जागी खिळलेले. मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पण देशातलं सगळ्यात मोठं व्यासपीठ पेटीवाल्यांसाठी एका तारखेला बंद झालं. स्वातंत्र्यानंतरही ते उघडलं नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण केसकर मराठीच होते, त्यांच्या कारकिर्दीतही बंदी राहिली. ती सैल व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. टेंबे १९५५ मध्ये गेले; त्यांच्या हयातीत रेडिओचं दार पेटीला उघडलं नाही.

आता यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. त्या तीस वर्षांत पेटी मेली नाही. भजनात, कीर्तनात, तमाशात, गावोगावच्या नाटकांत ती वाजत राहिली, कारण पेटी देवळातल्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली मंडळाकडे होती. रीड बिघडली तर घासून सुरात आणायची, भात्याला चीर गेली तर चिकटवायची. रेडिओनं दार लावून घेतलं, पण कुणाच्या घरात शिरून पेटी उचलून नेली नाही. प्लगइनचं नेमकं उलटं आहे. आपण वाद्य विकत घेतलं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपल्याकडे असते ती वाजवायची परवानगी, आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर. ज्यांच्या खेळाचा सर्व्हर बंद झालाय किंवा आवडता फिल्टर ॲपमधून गायब झालाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून टिकवायचं काय, हा प्रश्न उरतो. त्याला कोल्हापुरातच एक उत्तर आहे. 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट, मार्च १९३१ चा. त्यात सात गाणी होती. काहींचे शब्द सापडतात, पण सिनेमाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, गाणं कॅमेऱ्यासमोर गायलं जायचं तेव्हाच फिल्मवर उतरायचं. तो सिनेमा आजही बघता येतो. आवाज खरखरीत आहे, पण टेंबे गाताना ऐकू येतात. एका ठिकाणी सूचना उरली, दुसऱ्या ठिकाणी आवाज उरला.

तेव्हापासून माझे नियम साधे झालेत. गाणं संपलं की त्याच दिवशी प्रत्येक वाद्याचा ट्रॅक स्वतंत्र डब्ल्यूएव्ही करून ठेवायचा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४-बिट स्टिरिओ असेल तर मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात. पाच मिनिटांचे आठ ट्रॅक ७०० एमबीच्या आत बसतात. सोबत मिडी फाईल. हे तंत्र १९८३ पासून आहे आणि आजही कुठलंही सॉफ्टवेअर ते वाचतं. स्वर, जोर, वेळ सगळं काही केबीत राहतं. तिसरी एक साधी टेक्स्ट फाईल: पट्टी, लय, वाद्याचं नाव, आवृत्ती, आणि बटणांचा स्क्रीनशॉट. सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी बदलांची यादी शेवटपर्यंत वाचायची. आणि जमेल तिथं खुल्या सोर्सची वाद्यं घ्यायची, म्हणजे किल्ली निदान आपल्या गल्लीत राहते.

आबांच्या सहा अभंगांना यातलं काही लागू पडणार नव्हतं. आत्याच्या फोनवर तेव्हा व्हॉट्सॲपनं पाठवलेली एका अभंगाची मिनिटभराची क्लिप सापडली, दाबून बारीक झालेली. ती ऐकत ऐकत मी सर्जवर तो आवाज जुळवायचा प्रयत्न केला. तीन रविवार गेले. आत्याला ऐकवलं.

"जवळ आलास," ती म्हणाली. "पण आबांनी ह्यो पास केला नसता."

मग मी आबांचा नुसता आवाज फोनवर घेऊन मंडळात गेलो. तिथं आता नवा पेटीवाला आहे, दिवसा टेम्पो चालवतो. माझ्याच वयाचा. त्याला सगळे स्वर लिहून दिले. त्यानं कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "भावा, आधी ऐकू दे की." दोनदा ऐकलं आणि पेटी ओढली. मी लिहिलेलं त्यानं निम्मं वाजवलंच नाही. आबा श्वास घ्यायला थांबतात तिथं तो भरत होता, आणि आबा आलाप लांबवतात तिथं एक सूर धरून गप्प बसत होता. मी केलेल्या साथीत ही समज नव्हती. ती आबांच्या मागे संगणकासारखी चालत होती.

आवाज तोच आहे का? नाही. ते बटण ज्या जागी होतं ती जागा गेली, तिचं मला अजून वाईट वाटतं, आणि कुठल्या बॅकअपनं ते जाणार नाही. पण सहापैकी चार चाली आता त्या पोराला येतात. उरलेल्या दोन तो पुढच्या एकादशीपर्यंत बसवतो म्हणालाय. त्याच्यासाठी मला फक्त आबांचा आवाज परत एकदा पाठवायचा आहे, या वेळी व्हॉट्सॲपवर न दाबता.