व्होल्टेज पडले की अँपिअर चढतात

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. एक जळगावात, दुसरा धुळ्यात. दहावीनंतर भौतिकशास्त्राशी सुटलेला आमचा संबंध एका जळालेल्या मोटरीमुळे पुन्हा जुळला.

आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ यावल तालुक्यात केळी करतो. एका वैशाखात त्याच्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर जळाली. सुट्टीमुळे आम्ही दोघेही तेथेच होतो. रिवाइंडिंग करणारे मिस्त्री म्हणाले, "व्होल्टेज पडलं की अँपिअर चढतात, सर. याचा काय दोष?" आम्ही हसलो. ओहमचा नियम आम्हांला पाठ होता : विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध. रोध तोच असेल तर विभवांतर घटताच धाराही घटायला हवी. तेव्हा दोष निष्काळजीपणाचा, असा निवाडा आम्ही भावासमोर देऊन टाकला. तो काही बोलला नाही.

पुढे धुळ्यात थंडीच्या दिवसांत पाणी तापवायचा रॉड फार वेळ घेऊ लागला, म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. रॉडवर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिलेले. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. म्हणून धारा सुमारे ४.३५ अँपिअर आणि रोध सुमारे ५३ ओहम. घरात व्होल्ट मिळत होते १७०. धारा आली ३.२ अँपिअर, शक्ती सुमारे ५४५ वॅट. विभवांतर पाऊणपटीच्या जवळ, उष्णता मात्र जवळजवळ निम्मी. सूत्र बरोबर होते. मग मिस्त्री चूक?

भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने एका वाक्यात उलगडा केला : "रॉड नुसता रोध आहे, मोटरीच्या अंगावर काम आहे." विहिरीतले पाणी तेवढेच उपसायचे असते. विभवांतर पडले की मोटरीचा वेग किंचित घसरतो आणि तेवढीच शक्ती पुरवण्यासाठी ती अधिक धारा ओढते. ४१५ व्होल्टचे ३१० झाले, तर साडेसात अँपिअरचे साधारण दहा होतात. वेटोळ्यात उष्णता निर्माण होते ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. ज्यूल यांनी १८४०च्या सुमारास दाखवलेली ही गोष्ट. म्हणजे तांब्यातली उष्णता पावणेदोनपट. आणि विभवांतर पडते तरी का? शिवारातले पंप एकदम सुरू झाले, की धारा गुणिले तारेचा रोध एवढे विभवांतर वाटेतच खर्ची पडते. स्टार्टर सारखा पडतो म्हणून भावाने त्याचा रिले वाढवून ठेवला होता, हेही खरे. पण उभी केळी डोळ्यांदेखत वाळत असताना दुसरे कोणी काय केले असते?

गेओर्ग ओहम हे कोलोनच्या शाळेतले शिक्षक. १८२७मध्ये त्यांनी मांडलेला नियम वाहकाविषयी आहे, आणि तोही त्याची भौतिक स्थिती कायम असताना. संदर्भ सोडून शब्दाचा अर्थ लावू नका, असे वर्गात वर्षानुवर्षे बजावणारे आम्ही. नियमाचा कर्ता आणि अट दोन्ही गाळून वाक्य तेवढे पाठ केले, आणि त्याच्या आधारे घरातल्या माणसाला दोषी ठरवले.

पुढच्या खेपेस यावलला गेलो, तेव्हा हे सारे गणित भावाला मांडून दाखवले आणि चुकलो असे म्हणालो. त्याने कागद नीट पाहिला, घडी करून खिशात ठेवला.

"मिस्त्रींनाही दाखवतो, दादा," तो म्हणाला. "त्यांना तुम्ही हसला होता."