न आलेल्या आकड्याचं काय करायचं?

डॅशबोर्ड डिझाइन करतो म्हटलं की लोक रंगांबद्दल आणि चार्टच्या प्रकारांबद्दल विचारतात. पाय चार्ट घ्यावा की बार? हिरवा कोणता? या प्रश्नांची उत्तरं बरीचशी ठरून गेलेली आहेत. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोगांनिशी दाखवलं, की एकाच पट्टीवरच्या जागा ताडून बघायला सांगितलं तर माणसाचा अंदाज सर्वांत कमी चुकतो. लांबीचा अंदाज त्याहून जास्त चुकतो, कोन आणि क्षेत्रफळाचा आणखी जास्त. म्हणून गाडीच्या मीटरसारखी गोल तबकडी कुणी कितीही गळ घातली तरी मी टाळतो. लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही, तेव्हा रंगाच्या जोडीला शब्द किंवा चिन्ह द्यायचं. आणि लाखाला लाखच म्हणायचं. १,००,००० लिटर दुधाचं ‘१०० के’ करून हिशेबनिसाच्या डोक्याला नसता ताप द्यायचा नाही.

माझा खरा वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी. आकडा आलाच नाही, तर पडद्यावर काय काढायचं?

दूध संकलनाचंच घ्या. गावातल्या केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या चालतात. दूध मोजलं जातं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सांगतं, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ टक्के हा पाया धरून दर निघतो आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. हीच नोंद नेटवरून संघाच्या ऑफिसात जाते. तिथे बसलेल्या सुपरवायझरला प्रत्येक केंद्राची एक रेष दिसते: कालपेक्षा दूध वाढलं की घटलं.

एखाद्या संध्याकाळी ती रेष थेट तळाला टेकते. सुपरवायझर त्या केंद्राच्या सचिवांना फोन लावतो. “तात्या, संध्याकाळचं दूध कुठं घातलंत?” तात्यांच्या जिवाला लागतं. आपलं दूध दुसऱ्या डेअरीला वळवल्याचा संशय आहे, हे त्यांना लगेच कळतं. “अहो साहेब, टँकर भरून कवाच गेला. नेट नव्हतं रात्रभर.”

दूध होतं, नोंद होती, फक्त ती पोचली नव्हती. खाली डेटाबेसमध्ये ती जागा रिकामी होती. बेरीज करताना कुणीतरी रिकाम्याचं शून्य केलं आणि चार्टने ते शून्य इमानेइतबारे काढलं. महिन्याची सरासरीही त्या शून्याने खाली ओढली.

यावर सोपा उपाय म्हणून पुष्कळ टूल्स मधला खळगा बुजवतात. अलीकडचा बिंदू पलीकडच्या बिंदूला जोडून टाकतात. रेष सुरेख दिसते, पण ते न मोजलेलं दूध दाखवणं झालं. मला दोन्ही मान्य नाहीत. रेष तिथे तुटलीच पाहिजे आणि त्या तुटलेल्या जागी ‘नोंद आलेली नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. केंद्र सुट्टीमुळे बंद असेल तर तसं लिहावं. आणि शून्य खरं असेल, तर ते ठसठशीत शून्य म्हणूनच दिसलं पाहिजे. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. त्या दिवसांत ज्या केंद्रावर दूध आलं नाही, तिथलं शून्य ही त्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. नेट बंद असल्याचं शून्य आणि संपाचं शून्य एकसारखं दिसत असेल, तर त्या चार्टवरून संप झाल्याचं कुणाला कधी कळणारच नाही.

अर्धवट आलेला आकडा तर याहून फसवा. चालू महिन्याचा बार बुटकाच असणार, महिना अजून सरलेला नाही. तरी दर बैठकीत कुणीतरी त्याकडे बोट दाखवून ‘घट’ म्हणतंच. मी तो बार भरीव रंगात काढत नाही, तिरप्या रेघांनी भरतो. आणि एकूण संकलनाच्या आकड्याखाली एक ओळ हट्टाने ठेवतो: ‘४२ पैकी ३९ केंद्रांची नोंद आली.’

ही ओळ काढून टाका, असं मला वारंवार सांगितलं जातं. तुटकी रेष बघून साहेबांना सॉफ्टवेअर बिघडल्यासारखं वाटतं, डेमोला बरं दिसत नाही. त्यांची अडचण मला समजते, पण इथे मी मागे हटत नाही. त्याला कारण आहे.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह कोसळलं. आदल्या रात्री रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांवर चर्चा झाली होती. थंडीत ही कडी दगा देतील म्हणून इंजिनिअर उड्डाण नको म्हणत होते. आधीच्या उड्डाणांचं तापमान तपासताना विचार झाला तो कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांचाच. तेवढेच बिंदू पाहिले तर थंडीचा आणि इजेचा संबंध लागत नाही, कारण एखादी इजा उबदार हवेतही झाली होती. ज्या उड्डाणांत काहीच बिघडलं नव्हतं, ती चित्राबाहेर राहिली. चौकशी आयोगाने नंतर सगळी उड्डाणं एका आलेखावर मांडली. ६५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १८ सेल्सिअसच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती. इजा न झालेली उड्डाणं सगळी त्याच्या वर होती. माहिती आदल्या रात्रीही उपलब्ध होती.

दूधसंघात कुणाचा जीव जात नाही, पण एका खोट्या शून्यावरून तात्यांसारख्या माणसाच्या सचोटीवर शंका घेतली जाते. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. त्याला जे दाखवलं गेलं, त्यावर त्याने विश्वास ठेवला.

तुमच्या संस्थेत, बँकेत, कारखान्यात असं टूल विकत घ्यायची वेळ आली, तर डेमो देणाऱ्याला एवढंच सांगा: आमच्यासमोर एका शाखेचं नेट बंद करा आणि मग तोच चार्ट पुन्हा उघडून दाखवा. त्या शाखेपुढे शून्य आलं, तर ते टूल घेऊ नका.