आक्काच्या माजघरात रेंज येते का?

समूहावर मागं दोघातिघांनी विचारलं होतं, "आईवडिलांना नवा स्मार्टफोन घेतलाय, कार्ड कुठलं घालावं आणि रिचार्ज कितीचा मारावा?" सगळा जन्म बँकेत गेला, त्यामुळे उत्तर आकड्यांत द्यायची सवय. आमच्या आक्कासाठी हाच हिशेब मी केला, तो इथं मांडतो. पण आपल्या सीमाभागात फोनचा हिशेब नुसता पैशांचा कधीच नव्हता, म्हणून आधी थोडं मागचं सांगतो.

बेळगावात बी.कॉम. होऊन मी बँकेत लागलो, तेव्हा ट्रंक कॉलचा जमाना होता. निपाणी शाखेत असताना तंबाखूच्या पेढीवरचे व्यापारी कॉल बुक करून तासन् तास बसलेले मी पाहिलेत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन प्रकार, घाई तेवढा दर. पुढं एसटीडी आली. बेळगावचा कोड 0831, निपाणीचा 08338, कोल्हापूरचा 0231. निपाणीहून कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव 75. कचेरीचं काम चिकोडी-बेळगावला, पण सोयरीक, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं कोल्हापूरला. आपलं आयुष्य असं दोन्हीकडं पसरलेलं.

मोबाइल आला तो देशाचे 'सर्कल' पाडून आला. निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये, शेजारचं कागल महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. 2003 साली येणारे कॉल फुकट झाले, पण ते आपल्या सर्कलमध्ये असताना. कोगनोळी नाका ओलांडला की रोमिंग सुरू. दूधगंगेच्या बाजूच्या गावांत तर अजून गंमत. माणूस घरातच बसलेला आणि फोन पलीकडचा टॉवर पकडायचा. अंगणात कर्नाटक, परसात महाराष्ट्र! घरातल्या घरात रोमिंगचे पैसे कटायचे. म्हणून कितीतरी लोक खिशात दोन कार्डं ठेवायचे आणि "मिस कॉल दे, मी दुसऱ्यावरनं करतो" म्हणायचे. 2015 च्या मे महिन्यात ट्रायनं रोमिंगचे दर खाली आणले. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं ते कॉल आणि रोमिंग दोन्ही फुकट घेऊन, मग बाकीच्यांनाही तेच करावं लागलं. फोनपुरती तरी सीमा पुसली गेली म्हणायची.

ती पुसली गेली याची किंमत कोविडमध्ये कळली. कोगनोळी नाक्यावर तपासणी, रिपोर्ट दाखवल्याशिवाय गाडी पुढं नाही. आमची आक्का निपाणीजवळच्या खेड्यात एकटी, भाचा इचलकरंजीला, मी बेळगावात. रोज सकाळी आठला तिचा फोन यायचा, "बाळ, उठलास काय?" तेवढ्यावर आम्ही दोघं निर्धास्त.

गेल्या पावसाळ्यात मात्र दोन दिवस तिचा फोन आला नाही. मी लावला तर रेकॉर्डवरची बाई आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत बोलली. मला बँकेमुळे कन्नड येतं, म्हणून कळलं की या नंबरवर इनकमिंग बंद आहे. शेजारच्या वहिनींना धाडलं, तर आक्का तापानं अंथरुणावर. तिला वाटत होतं फोनच बिघडलाय. बिघडलं काही नव्हतं, 28 दिवसांची मुदत संपून गेली होती. वहिनींनी डॉक्टरांकडं नेलं, ती बरी झाली. पण वय 81, आणि दोन दिवस कुणाला पत्ता नाही, हे मनातनं जाईना. त्यानंतर भाच्यानं तिला स्मार्टफोन घेतला आणि मला म्हणाला, "मामा, प्लॅन तुम्ही ठरवा."

आता हिशेब. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षाचे 13 महिने होतात, आणि तारीख दर खेपेला सरकते. 1 जानेवारीला रिचार्ज मारला की पुढचा 29 जानेवारीला, मग 26 फेब्रुवारी, मग 26 मार्च, मग 23 एप्रिल. पेन्शनची तारीख लक्षात राहते, ही राहत नाही. खरं तर 2022 च्या ट्रायच्या आदेशाप्रमाणे प्रत्येक कंपनीला निदान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवावा लागतो. पण विचारल्याशिवाय दुकानदार सांगत नाही.

रक्कम बघू नका, रोजचा दर काढा. मी 2025 च्या सुरुवातीचे आकडे घेतले. दर बदलतात, रीत बदलत नाही. 299 चा 28 दिवसांचा प्लॅन म्हणजे दिवसाला 10 रुपये 68 पैसे, वर्षात 13 वेळा धरून 3,887. तीच मंडळी 365 दिवसांचा प्लॅन 3,599 ला देतात, दिवसाला 9.86. वाचले 288. बँकवाला म्हणून व्याजही धरलं. पैसे एकदम गुंतले, सरासरी निम्मी रक्कम वर्षभर अडकली, 7 टक्क्यांनी सव्वाशे रुपये. तरी दीडशेच्या वर फायदा, शिवाय 13 वेळा आठवण ठेवायला नको.

ज्यांना इंटरनेट नकोच, त्यांच्यासाठी अजून स्वस्त वाट आहे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला लावले. त्यात एअरटेलचा 1,849 ला 365 दिवस, जिओचा 1,748 ला 336 दिवस. वरवर जिओ 101 रुपयांनी स्वस्त. भागाकार केला तर एअरटेल दिवसाला 5.07, जिओ 5.20. आकडा लहान, पण दिवसही कमी! आक्काला मात्र रविवारी पणतीचं तोंड बघायचं असतं. रोज दोन जीबी घेऊन ती काय करणार? म्हणून मधला प्रकार बघितला. एअरटेलकडं 2,249 ला वर्षभर आणि मिळून 30 जीबी असा प्लॅन होता, दिवसाला 6.16. आठवड्याच्या एका व्हिडिओ कॉलला तेवढं पुरून उरतं.

पण मंडळी, हा सगळा हिशेब रेंज असेल तरच. निपाणीत तंबाखू घेणारा व्यापारी आधी नमुना बघतो, मग माल उचलतो. आपणही तेच करायचं. एप्रिल 2025 पासून कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा लावावा लागतो, तो बघा जरूर. पण नकाशा तुमच्या घरात शिरत नाही. आक्काचं घर जुनं, जाड भिंतींचं. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतीतनं बऱ्यापैकी आत येतात, वेगवान 5जी च्या लहरी तेवढ्या येत नाहीत. म्हणून रस्त्यावर 5जी आणि माजघरात काहीच नाही, असं होतं.

आम्ही फोनमध्ये दोन कंपन्यांची कार्डं घातली, दोन्हींवर 28 दिवसांचा लहान रिचार्ज. सोप्यात, माजघरात आणि परसात उभं राहून प्रत्येकी तीन कॉल. तेही सकाळी, रात्री, आणि एकदा लाइट गेल्यावर, कारण बॅटरी संपली की टॉवरही गप्प होतो. सोप्यात दोन्ही चालली. माजघरात, जिथं आक्का झोपते, तिथं एकच चाललं. कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या गावात उत्तर उलटं येईल. एक मात्र सांगतो, जिओ 4जी च्या खाली चालत नाही, तेव्हा जुना साधा बटणांचा फोन असेल तर आधी ते तपासा.

भाचा म्हणाला, "मामा, कोल्हापूरचा नवा नंबरच घेऊया, सूचना तरी मराठीत ऐकू येतील." मी नको म्हणालो. आक्काचा नंबर बँकेत, आधारला, रेशनला जोडलेला, ओटीपी तिथंच येतो. आणि कंपनी बदलायला नंबर बदलावा लागत नाही. 1900 वर 'पोर्ट' आणि आपला नंबर असा मेसेज इंग्रजी अक्षरांत पाठवायचा, येणारा कोड चार दिवस चालतो. सर्कलमधल्या सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलला पाच. मात्र जुन्या कंपनीकडं उरलेली मुदत बुडते. म्हणून वर्षाचा रिचार्ज कधीही नमुना बघितल्यावरच.

आता आक्काचा तोच नंबर माजघरात वाजणाऱ्या कंपनीकडं आहे, वर्षाचा प्लॅन भरलेला. संपायची तारीख मी, भाच्यानं आणि शेजारच्या वहिनींनी, तिघांनीही आपापल्या कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवलीय.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात, चंदगड-आंबोलीकडं ज्यांचे आईवडील आहेत, त्यांनी आपल्या गावात घरात कुठलं कार्ड चालतं ते खाली लिहावं. नकाशापेक्षा ती यादी आपल्या जास्त उपयोगाची.