टोमॅटोची रोपं बाहेर कधी?

बर्मिंगहॅममध्ये टोमॅटोची रोपं बाहेर लावायला ईदची तारीख धरून चालत नाही. ईद दरसाल १०-११ दिवस अलीकडे सरकते. थंडी मात्र सूर्याच्याच हिशेबाने हटते. एप्रिलचं ऊन पाहून दापोलीच्या आमच्या सासूबाई म्हणतात, "लाव की आता!" पण इथे घात करते ती रात्र. मेच्या मध्यापर्यंत कधीही दंव गोठतं आणि मार्चपासून खिडकीत जपलेली रोपं एका रात्रीत काळी पडतात. म्हणून फजरच्या नमाजनंतर मी अंगणातलं तापमान पाहते. पहाटच सर्वांत थंड. पारा सलग काही रात्री १० अंशांखाली गेला नाही, की आठवडाभर रोपं दिवसा बाहेर, मगरिबला आत. मगच जमिनीत. यंदा सहाच रोपं आहेत, त्यांतली दोन सासूबाईंनी शेजारणीला आधीच कबूल केली आहेत.