‘गो’चा भूतकाळ

मुले ‘गो, वेन्ट, गॉन’ असे घोकू लागली की, ‘गो’चे ‘वेन्ट’ कसे, हा प्रश्न घरात हटकून निघतो. वस्तुतः ‘वेन्ट’ हे ‘गो’चे औरस अपत्यच नव्हे. ‘सेन्ड’चे ‘सेन्ट’, तसे ‘वेन्ड’ म्हणजे मार्ग क्रमणे, या क्रियापदाचे ते रूप. सुमारे इ. स. १५०० पासून ते ‘गो’च्या घरी दत्तक म्हणून कायमचे नांदू लागले. यात हसण्याजोगे काही नाही. आपले ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूपासून आले आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून. दत्तकविधान आपल्याही घरी झालेलेच आहे!

खरी अडचण पुढेच आहे. ‘दादा मुंबईस गेला’ एवढ्यावर आपले भागते. इंग्रजीत मात्र ‘काल’ हा शब्द आला की ‘वेन्ट’च हवे, तेथे ‘हॅज गॉन’ चालत नाही. काळ न सांगता ‘हॅज गॉन’ म्हटले, तर दादा अद्याप परतलेला नाही असा बोध होतो. जाऊन आला असल्यास ‘हॅज बीन’ म्हणावे लागते. दूरदेशी असलेल्या माणसाच्या घरी पत्र लिहिताना हा भेद क्षुल्लक नव्हे. एका शब्दाने वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागावयाचा.

हा भेद मुलांस परका वाटू नये, असे आम्हांस वाटते. उंबरठा ओलांडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, हे वळण ज्या घरात वडीलधाऱ्यांनी लावले, तेथे जाण्यात परतण्याची काळजी आधीपासूनच असते.