कोरडा गडी

आइसलँडला थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानात सिल्फ्रा नावाची पाण्याने भरलेली भेग आहे. तिच्या काठावर तुमची गाठ आधी त्याच्याशी पडते. काळा, जाडजूड, बिनचेहऱ्याचा. नाव ड्रायसूट, पाण्यात बुडी मारायचा पोशाख. भाड्याने राबतो, रोज नवा मालक करतो, पण हुकूम त्याचाच चालतो.

पाय तो मुकाट्याने आत घेतो. खरी परीक्षा गळ्याशी. तिथली रबरी पट्टी इतकी आवळ, की डोकं बाहेर निघेपर्यंत कान तुटले असं वाटावं. पाठीवरची चेन स्वतःला लावता येत नाही, दुसऱ्यापुढे पाठ करून उभं राहावं लागतं. आणि काठावर गरम चहा ढोसून आलेल्याला तो माफ करत नाही. अर्ध्या तासाने नैसर्गिक गरज लागली, तर दोष चहाचा.

त्याचा धाकटा भाऊ वेटसूट समजूतदार. थोडं पाणी आत घेतो, अंगाच्या उबेवर तापवतो, निभावून नेतो. थोरल्याला ही तडजोड मान्य नाही; एक थेंबही आत येऊ देणार नाही. हेकट वाटतो, पण बरोबर त्याचंच. सिल्फ्राचं पाणी बारमाही २ ते ४ अंश सेल्सिअस, आणि पाणी अंगातली ऊब हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून नेतं.

हा गडी जगतो हवेवर. खोल गेलं की आतली हवा दबते आणि तो चिमटे काढायला लागतो. छातीवरचं बटण दाबून नळकांड्यातली थोडी हवा त्याला पाजायची. वर येताना तीच हवा फुगते, ती दंडावरच्या झडपेतून वेळेवर सोडायची. डोकं खाली, पाय वर केले की हवा पायांत पळते आणि माणूस उलटा टांगला जातो. गावच्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेल्याला ही गंमत लवकर कळते: डबाही असाच तारायचा, आणि घसरला की असाच दगा द्यायचा.

पाण्याचं काय सांगावं! लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्ह्याच्या खडकातून कित्येक वर्षं झिरपत इथे येतं. शंभर मीटरपर्यंतचं दिसतं. एका बाजूला उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, दुसऱ्या बाजूला युरेशियाचा. वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने ते दूर सरकतात, असं गाईड कौतुकाने सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्याला आठवते, त्याला हे कौतुक अर्धंच पटतं. आमच्याकडे भूपट्टाची कड जवळपासही नव्हती, तरी हजारो माणसं गेली.

नांदेडला नगीना घाटावर गोदावरीत उड्या मारलेल्या माणसाचा या गड्यावर राग असतो. हे कसलं पोहणं, अंगाला पाणीच लागत नाही! लातूरकराचं दुखणं वेगळं. एप्रिल २०१६मध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ती त्याने पाहिलेली. इथे चहूकडे पिण्याजोगं पाणी, आणि हा पठ्ठ्या भेटू देत नाही.

पण त्याची हद्द मनगटाशी आणि गळ्याशी संपते. हातमोजे आणि टोपी भिजतातच, बोटं बधिर होतात. ओठ तर उघडेच. पाण्याच्या पृष्ठभागावर आल्यावर तोंडातली नळी काढून एक घोट घ्यायला हरकत नसते. दात कळवळतात, पण पाणी गोड.

जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सिल्फ्रात डायव्हिंगसाठी नुसतं डायव्हिंगचं प्रमाणपत्र पुरत नाही; ड्रायसूटचं प्रशिक्षण किंवा नोंदवलेला अनुभव मागतात. तो नसेल तर स्नॉर्केलिंग करा, सूट त्यालाही मिळतो. लोकरीचे मोजे मात्र घरूनच न्या.